चिचगडची लाइन खराब नव्हती

ती म्हातारी तिसऱ्यांदा आली तेव्हाही माझ्या पडद्यावर तेच इंग्रजी वाक्य होतं. दूरच्या कॉम्प्युटरशी संपर्क होऊ शकत नाही. मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

"आज बी नाही निंगत का?" तिनं विचारलं. सोबत नात होती, अठरा-एकोणीस वर्षांची. दोघी जंगलाकडच्या एका टोल्यावरून, पाच-दहा घरांच्या वस्तीवरून, पायी आल्या होत्या.

"लाइन नाही भेटून राहिली, माय. पुढच्या आठवड्यात या."

"तीन डाव आली मी. तुयी मशीन खोटी आहे का तूच खोटी आहेस?"

मला राग आला, आणि तो तिच्यावर नव्हता.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. गोंदियाजवळच्या दवनीवाड्याची. घरी पोवारी, शाळेत मराठी, गोंदियात गेलं की हिंदी, अशा तीन भाषा बोलत वाढलेली. गोंदियात कॉम्प्युटरचा क्लास केला आणि एका सेवाभावी संस्थेत नोकरीला लागले. संस्था सिकलसेलची तपासणी करायची. हा रक्ताचा आजार आईबापाकडून लेकरांत उतरतो. लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांचीही तपासणी झाली तर पुढचं पुष्कळ दुखणं टळतं. संस्थेचं एक केंद्र चिचगडला होतं. तिथं आम्ही दोघीच, एक सिस्टर आणि मी. सिस्टर रक्त घ्यायची. नमुने गोंदियाच्या ऑफिसातल्या लॅबमध्ये जायचे आणि निकाल तिथल्याच एका कॉम्प्युटरवर चढवले जायचे. मी चिचगडहून इंटरनेटनं त्याच कॉम्प्युटरला जोडून घ्यायची. जोडणी झाली की गोंदियाचा पडदा जसाच्या तसा माझ्यासमोर उघडायचा. रिपोर्ट शोधायचा, छापायचा, माणसाच्या हातात द्यायचा. लोकांचा गोंदियाचा हेलपाटा वाचायचा.

वर्षभर हे काम बिनबोभाट चाललं. मग दिवाळी झाली आणि जोडणी तुटायला लागली.

म्हातारी त्या दिवशी हलेना. नातीचं लग्न ठरत होतं आणि सोयऱ्यांनी कागद मागितला होता. शेवटी मी गोंदियाच्या बाबूंना फोन लावला. बाबू म्हणजे तिथले जुने कारकून, त्याच कॉम्प्युटरवर बसायचे. म्हटलं, "बाबूजी, तुमच्या पडद्यावरून रिपोर्ट वाचा, मी लिहून घेते." त्यांनी वाचला. मी दुसऱ्यांदा वाचायला लावला, नमुन्याचा नंबरही ताडून घेतला, मग हातानं कागदावर लिहून खाली माझी आणि सिस्टरची सही केली. हे नियमात बसत नव्हतं. मला ते ठाऊक होतं.

पोरगी वाहक निघाली. सिस्टरनं तिला समजावून सांगितलं, की आजार तुला नाही, पण मुलाचं रक्त बघितल्याशिवाय लग्न पक्कं करू नका. पोरगी मान खाली घालून ऐकत होती. म्हातारी मात्र लगेच उठली. "मंग त्यालेबी आनतो इथंच. तुमी राहसाल ना इथं?"

"राहू ना," मी म्हणाले.

त्याच दुपारी साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे आमचे जिल्ह्याचे प्रमुख. पुण्याकडून आलेले, बोलणं गोड. हातानं लिहिलेल्या रिपोर्टचं त्यांना कळलं होतं. पण त्याबद्दल फार न रागावता ते म्हणाले, "तुमच्याकडे नेटवर्कच नाही हो. जंगलात कुठली लाइन येणार? तुमच्या त्या जोडणीमुळे आमचंही नेट अडकतं इथे. आपण ते केंद्र बंद करू आणि तुम्हाला गोंदियात घेऊ. तुमच्याही सोयीचंच आहे."

मी म्हटलं, "लाइन मी तपासते आधी."

"तुम्ही ऑपरेटर आहात. तपासायला इंजिनिअर आहे आपला."

हा इंजिनिअर नागपूरला बसायचा. मी फोन केला की एकच सांगायचा, "बंद करून चालू करा." मी ते दिवसातून दहा वेळा करत होते.

मी आधी स्वतःवरच संशय घेतला. फोनची तार बदलली. टेलिफोनच्या लाइनमनला चहा पाजून खांबावर चढवलं. त्यानं जोड उघडून नव्यानं बांधला आणि खाली उतरून म्हणाला, "मॅडम, तुमची लाइन एकदम मस्त आहे. कायले बदनाम करून राहिल्या?" खरंच होतं ते. जोडणी तुटलेली असायची तेव्हाही माझ्याकडे बाकीचं इंटरनेट चालूच असायचं. मेल जायचा, वर्तमानपत्र उघडायचं. उघडत नव्हतं ते फक्त गोंदियाचं ऑफिस.

तेव्हा मी एक वही केली. जोडणी कधी लागली, कधी तुटली, आणि त्या वेळी बाकीचं इंटरनेट होतं की नव्हतं. सिस्टर हसायची. म्हणायची, "पेशंटचा ताप लिहितात तसं लिहून राहिलीस." तीन आठवड्यांत मला त्या तापाची चाल दिसली. सकाळी साडेदहाला मी बसले की जोडणी लागायची. साडेअकराच्या आसपास मरायची. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा जिवंत. आणि मंगळवारी दिवसभर ठणठणीत. टोल्यांवरून पायी येणारे लोक मात्र पोहोचायचे ते भर दुपारीच.

जंगलातल्या लाइनला मंगळवार कसा कळतो?

मी बाबूंना फोन केला. "बाबूजी, साडेअकराला तुम्ही कॉम्प्युटर बंद करता का?"

"बच्चों की कसम मॅडम, हात भी नहीं लगाता."

क्लासमध्ये एक साधी गोष्ट शिकवली होती. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत समोरच्या यंत्राचा आकड्यांतला पत्ता लिहून त्याला हाक मारायची, ते जिवंत असेल तर ओ देतं. दुसऱ्या दिवशी जोडणी तुटताच मी हाक मारली. गोंदियाच्या ऑफिसात बाहेरून इंटरनेट ज्या डब्यात येतं त्या डब्यानं लगेच ओ दिली. म्हणजे चिचगडहून निघालेली हाक नव्वदेक किलोमीटर जाऊन ऑफिसच्या दारापर्यंत पोहोचत होती. अडत होती ती दाराच्या आत.

मी बाबूंना पुन्हा फोन लावला. "आत्ता, या मिनिटाला, पडद्यावर काही दिसतंय का?"

"कुछ नहीं. वो कोने में पीला तिकोन आता है, बस."

"कधीपासून येतो?"

"अरे, वो तो रोज आता है. मैं काट देता हूँ."

मला हसावं की रडावं कळेना. "कापू नका. वाचा."

त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं. अर्थ असा होता, की या कॉम्प्युटरचा जो पत्ता आहे तोच पत्ता ऑफिसातलं दुसरं एक यंत्रही वापरत आहे. एका गल्लीत दोन घरांना एकच नंबर. माझी हाक पत्ता बघून आत जायची आणि भलत्याच घरात शिरायची. तिथं तिला ओळखणारं कोणी नव्हतं.

"बाबूजी, दिवाळीनंतर ऑफिसात नवीन काय आलं?"

बाबूंनी आवाज दबका केला. "साहब का लॅपटॉप."

साहेब साडेअकराला यायचे. पाचला जायचे. मंगळवारी त्यांचा दौरा असायचा.

मी रीतसर मेल लिहिला. उत्तर आलं नाही. फोन केला तर साहेब म्हणाले, "हे बघा, निर्णय झालेला आहे. गुरुवारी येऊन कागदावर सही करून जा. इंजिनिअरही येणार आहे."

बुधवारी मी सिस्टरला शिकवायला बसले. तिनं तोवर माउसला हात लावला नव्हता. "सुई टोचायला सांग, हे नको," म्हणायची. जोडणीचं चित्र कोणतं, बटण कुठलं, पडदा उघडला म्हणजे काय दिसतं, एवढंच पंचवीस वेळा करून घेतलं. गुरुवारी पहिल्या बसनं मी देवरी, तिथून आमगाव, तिथून गोंदिया असं करत साडेबाराला ऑफिसात पोहोचले. वही पिशवीत होती.

साहेबांच्या केबिनमध्ये इंजिनिअर बसला होता. टेबलावर लॅपटॉप उघडा, भिंतीतून आलेली निळी वायर त्याला लावलेली. माझ्यासमोर कागद सरकवला गेला. चिचगडची लाइन कामास योग्य नाही, केंद्र बंद करण्यास माझी हरकत नाही. खाली माझं नाव टाइप केलेलं.

"मी सही नाही करत," मी म्हणाले.

"का?"

"कागदात लिहिलंय ते खोटं आहे. साहेब, पाच मिनिटं तुमची ही निळी वायर काढा."

इंजिनिअर हसला. "मॅडम, असं नसतं हो ते."

"मग काढायला काय जातं?"

साहेबांचा चेहरा उतरला, पण दारात बाबू आणि लॅबमधल्या दोघी येऊन उभ्या होत्या. नाही म्हणणं त्यांना जड गेलं असावं. वायर निघाली. मी बाहेर बाबूंचा कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि सिस्टरला फोन लावून स्पीकर चालू ठेवला.

"सिस्टर, दाबा."

थोडा वेळ काहीच नाही. मग बाबूंच्या पडद्यावरचा बाण आपोआप हलला. चिचगडला बसलेली सिस्टर गोंदियाचा माउस फिरवत होती. फोनमधून ती ओरडली, "उघडलं! उघडलं ना बाई!"

"आता वायर लावा," मी म्हणाले.

लावली. मिनिटभरात कोपऱ्यात पिवळा त्रिकोण आला. बाण थिजला. "गेलं," सिस्टर म्हणाली.

"योगायोग असेल," साहेब म्हणाले.

"पुन्हा करू."

आम्ही ते तीनदा केलं. तिसऱ्या वेळी लॅबमधली एकजण हसली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. इंजिनिअर आता हसत नव्हता. त्यानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला, आत जाऊन पत्ता बघितला आणि कोणाकडेही न बघता बदलला. दोन्ही यंत्रांना तो नंबर त्यानंच हातानं दिला होता. त्याला दोन मिनिटं लागली. आम्हाला अडीच महिने लागले होते.

मी वही टेबलावर ठेवली. "साहेब, यात रोजची वेळ लिहिली आहे. किती माणसं रिकाम्या हातानं परत गेली तेही लिहिलंय. तो कागद बदलून त्यात हे लिहा, मी सही करते."

"तुम्ही जरा आवाज खाली ठेवा."

"अडीच महिने खालीच ठेवला होता."

कागद बदलला नाही कोणी, फाडलाही नाही. तो फाइलमध्ये गेला आणि पुन्हा कधी बाहेर आला नाही. केंद्र राहिलं. त्या पोरीचा होणारा नवरा आला, रक्त देऊन गेला. आठवड्यानं त्याचा रिपोर्ट मी भर दुपारी एक वाजता, साहेब ऑफिसात बसलेले असताना, पहिल्या झटक्यात छापला.

महिन्याभरानं मला मेमो आला. वरिष्ठांशी उद्धट वर्तन केल्याबद्दल खुलासा मागवला होता, तीन दिवसांत. लॅपटॉपचा त्यात उल्लेखही नव्हता. गावी कळलं तेव्हा माझे वडील म्हणाले, माफी मागून मोकळी हो. मी तसं केलं नाही. कोऱ्या कागदावर लिहिलं, की त्या दिवशी मी मोठ्यानं बोलले हे खरं आहे, आणि तशीच वेळ पुन्हा आली तर पुन्हा बोलेन.

सिस्टरनं तो कागद वाचला. "एवढंच?"

"एवढंच."

तिनं केंद्राचा शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि माझ्या सहीच्या बाजूला दाबून उठवला.