दाजींचा उजवा गुडघा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या ताईला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

एका फोटोपासून सुरुवात करतो. फोटो खोटा नव्हता — म्हणजे त्यातला माणूस मीच होतो. कॅलिफोर्नियात सांता क्लाराला नोकरी लागली त्या पहिल्या हिवाळ्यात ऑफिसची मंडळी ताहोला स्कीइंगला निघाली, तेव्हा मीही गेलो. जड बूट चढवले, पायाला स्कीच्या लांब पट्ट्या लावल्या, एकदा सपशेल आपटलो आणि उरलेला दिवस कॅफेत हॉट चॉकलेट पीत काढला. फोटो आपटण्याआधीचा. तो आईला पाठवला. आईनं तो साताऱ्याच्या घरी शोकेसमध्ये ठेवला आणि येईल त्याला सांगू लागली, आमचा मिलिंद बर्फावरून डोंगर उतरतो. मी कधी फोनवर तिला थांबवलं नाही. उलट दर हिवाळ्यात पदरचं थोडं घातलं. फुकटचं कौतुक कुणाला नको असतं?

२००६च्या डिसेंबरात ताई आणि तिचे यजमान, आमचे दाजी, महिनाभर राहायला आले. दाजी साताऱ्याच्या एका शाळेत पीटीचे सर. कबड्डीचा संघ त्यांचा. पंचेचाळिशी उलटली तरी पोरांच्या पुढे पळायचे. विमानतळावर सामानाची गाडी ढकलत ढकलतच म्हणाले, "मेव्हणे, मला बर्फावर न्यायचं बरं का! पोरांना सांगून आलोय, शिकून येतो म्हणून."

तिथंच बोलता आलं असतं ना? एक वाक्य — दाजी, मला येत नाही. दाजी खदखदून हसले असते, आणि संपलं असतं.

गेलो. बर्फात घसरू नये म्हणून गाडीच्या चाकांना साखळ्या बांधल्या, ताईनं तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेतला, दाजींनी माकडटोपी घातली. पोचलो तर उतरणीच्या पायथ्याशी नवख्यांचा वर्ग चालू होता. लाल जाकिटातली एक मुलगी सहासात वर्षांच्या पोरांना पट्ट्यांची टोकं जवळ आणायला शिकवत होती. दाजी बघतच उभे राहिले. मास्तर माणूस. म्हणाले, "आधी थांबायला शिकवतीय बघा. बरोबर आहे तिचं. आपण दोघं बसू की या वर्गाला."

मला काय वाटलं सांगू? भीती वाटली. बर्फाची नव्हे — त्या मुलीची. दोन मिनिटांत तिनं मला ओळखलं असतं. आणि ताई कॅफेच्या काचेआडून आमच्याकडेच बघत होती. मी म्हणालो, "वर्ग कशाला दाजी? मी आहे ना."

तारेवरच्या खुर्च्यांच्या लिफ्टनं वर गेलो. वर दोन वाटा होत्या. हिरव्या खुणेची सोपी असते, निळ्या खुणेची अवघड — एवढं मला माहीत होतं. पण हिरव्या वाटेनं खाली त्या पोरांमध्येच जाऊन पडावं लागलं असतं. मी निळीकडे वळलो. दाजींनी एकच प्रश्न विचारला. "थांबायचं कसं?"

मी म्हणालो, "वेग आपोआप कमी होतो."

झाला नाही. दाजी सुटले ते सुटलेच, आणि वळणावर कडेच्या जाळीत जाऊन आदळले. त्यांची ओरड अजून आठवते — मैदानावर शिट्टीशिवाय आवाज न चढवणारा तो माणूस. मी काय केलं? पट्ट्या काढल्या आणि बसून, घसरत घसरत खाली गेलो. मी पोचेपर्यंत मदतीची माणसं त्यांना घसरगाडीवर बांधत होती.

इथवरचं सगळं — मूर्खपणा म्हणून खपलं असतं कदाचित. मी उगाच लांबण लावतोय, तुमच्या लक्षात आलं असेल. खरी गोष्ट पुढेच आहे.

खाली ताई धावत आली. तिच्या हातात डब्याचं नुसतं झाकण होतं. "काय झालं रे मिलिंद? कुठं नेलंस त्यांना?" एवढंच तिनं विचारलं. आणि मी — कुणी धमकावलं नव्हतं, विचार करायला वेळ नव्हता असंही नाही — मी म्हणालो, "मी वर्गालाच चला म्हणत होतो गं. दाजींनीच हट्ट केला."

दाजी शुद्धीत होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या पोरानं चुकीचं उत्तर दिल्यावर सर बघतात तसं पाहिलं. मग ताईला म्हणाले, "होय गं. माझीच हौस."

ऑपरेशन झालं, पण गुडघा पूर्वीसारखा वाकला नाही. शाळेनं त्यांना ग्रंथालयात बसवलं. कबड्डीचा संघ दुसऱ्या सरांकडे गेला. आणि आमच्या घराला एक विनोद मिळाला. लग्नकार्यात पंगत बसली की दाजींसाठी खुर्ची येते, आणि कुणीतरी म्हणतंच, "हौसेला मोल नसतं हो दाजी!" दाजी हसतात. मीही हसतो. हो, मीसुद्धा.

त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि मी कधी विषय काढला नाही. एकटे सापडलो की आम्ही हवापाण्यावर बोलतो.

गेल्या भाऊबीजेला साताऱ्यात होतो. फोटो अजून शोकेसमध्येच आहे. ताईनं मला ओवाळलं आणि माझ्या मुलाला म्हणाली, "तुझ्या बाबाचं ऐकलं असतं ना, तर काकांचा पाय आज धड असता. बाबासारखा विचारी हो." दाजी खुर्चीत बसून पेपर वाचत होते. पेपर हलला नाही.

मी उठून त्यांच्या पाया पडलो. त्यांनी डावा पाय पुढे केला, उजवा सहज हलत नाही. मग ताईनं लाडू दिला. मी तो खाल्ला आणि चांगला झालाय म्हणालो.