तिसरी तिर्री

आमचे हे शिलाईकाम करतात. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. माणूस नाकासमोर चालणारा. पण सुट्टीच्या दुपारी दुकान बंद करून शेजारच्या कुलूपवाल्याला आणि आणखी दोघातिघांना घेऊन आत पोकर मांडायचे. प्रत्येकाच्या हातात दोन झाकले पत्ते, मग टेबलावर सगळ्यांसाठी काही उघडे.

मास्तरांचा जीव छोट्या जोड्यांवर. दोन दुर्र्या, दोन तिर्र्या. "स्वस्तात उघडे पत्ते बघायचे. तिसरी आली तर लढायचं, नाहीतर निमूट टाकायचं," हे मला भाजी चिरतानासुद्धा ऐकवायचे. आणि पाळायचेही, खोटं कशाला बोलू! बहुतेकदा टाकायचेच. मग घरी असं तोंड, जशी काही ती तिसरी मीच लपवली.

त्या दुपारी मी चहा घेऊन गेले. टेबलावर राजा, नव्वी, तिर्री. मास्तरांचे कान लाल. इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं, आली होती मेली तिसरी! कुलूपवाल्यापुढे कप ठेवायला वाकले, तर त्याने नेमके आपले पत्ते उचलून पाहिले. दोन नव्व्या. टेबलावरची धरून तीन. तीन नव्व्या तीन तिर्र्यांना खातात, एवढं मलाही ठाऊक.

बघणाऱ्याने पत्त्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा नियम मास्तरांचाच.

"अहो, गॅस संपलाय. जरा या."

"आलो."

"आत्ता या!"

"अगं, दोन मिनिटं दम धर की!" खिसा रिकामा झाला होता. त्यांनी शिलाई मशीनवर हात ठेवला. "ही लावली."

"मशीन नको!" मी ओरडलेच.

मास्तरांनी वळूनही पाहिलं नाही.

पत्ते उघडले. मास्तरांच्या तीन तिर्र्या, कुलूपवाल्याच्या तीन नव्व्या. कुलूपवाला मशीन बाहेर नेताना एक बाजू मास्तरांनीच धरली. "सावकाश, सुई वाकेल," म्हणाले.

संध्याकाळी विचारतात, "चूक कुठे झाली गं?"

"मशीन लावायला नको होती."

"तिसरी आल्यावर नाही, तर मग कधी लावायची?"

मला त्यांचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

सकाळी एक गिऱ्हाईक पँट आखूड करायला आलं. मास्तरांनी गुडघ्यावर बसून खडूने खूण केली, टाचण्या लावल्या.

"कधी मिळेल?"

मास्तरांनी मशीनच्या जागेकडे पाहिलं. फरशीवर तिच्या पायांचे डाग तेवढे राहिले होते.

"नेहमीसारखी," ते म्हणाले. "उद्या."