बाबांच्या गाडीचा मागचा दिवा

भूत, देवचार, करणी... कोणी असलं काही सांगू लागलं की मी उठून चालू लागायचो. "पुरे आता," असं तोंडावर म्हणायचो. तीस वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलंय. पोरांना फळ्यावर सर्किट काढायला लावलंय आणि चुकलं की कान पिरगळलेत. त्यामुळे हे वाचून माझे जुने विद्यार्थी हसतील. हसू देत, मी सांगणारच.

गोवा राज्य झालं, त्याच्या आगेमागेची गोष्ट. आमचं घर मयेला, डिचोली तालुक्यात. शाळा मात्र पेडण्यात, कोरगावला. असनोडा, कोलवाळचा पूल, धारगळ करत तासाभराचा रस्ता. तेव्हा मराठी की कोकणी यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, आमच्या स्टाफरूममध्ये तर चहाचे कप आपटले जायचे. कधी रस्ता अडवलेला, कधी बसच नाही. उशीर झाला की हेडमास्तरांचं तोंड बघायचं. शेवटी मी बाबांची मोटरसायकल काढली.

बाबा डिचोलीच्या स्टँडवर पायलट होते. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो – आमच्याकडे पायलट म्हणजे मोटरसायकलवर मागे माणूस बसवून भाड्याने सोडणारा. पिवळा मडगार्ड ही त्याची खूण. इतकी वर्षं गाडी चालवली, पण बाबा कधी पडले नाहीत, कोणाला पाडलं नाही. मला मात्र त्यांनी गाडीला हात लावू दिला नाही. "तुज्या हातांत वेग आसा, पायांत अक्कल ना," असं चारचौघांत म्हणायचे. मला भयंकर राग यायचा... खोटं कशाला बोलू, अजून येतो.

त्या वर्षी गणपतीची चवथ झाली आणि त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं, या पायाची आशा धरू नका. आम्ही त्यांचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी आणला. मी गाडी बाहेर काढली त्या सकाळी ते खिडकीतून बघत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी "येतो बाबा" म्हटलं आणि किक मारली.

दुसऱ्याच दिवशी वैताग सुरू झाला. मागचा ब्रेकलाइट विझेना. आता गंमत अशी, चालवणाऱ्याला स्वतःचा मागचा दिवा दिसत नाही, बाकी अख्ख्या जगाला दिसतो. असनोड्याला पाववाला ओरडला, "मास्तर, लायट!" धारगळला बसमधले लोक खिडकीतून हात काढून बोटं उघडमीट करून दाखवतायत. कोरगावला पोचलो तर गेटवरच पोरांचा कोरस – "सर, लाल लाईट! लाल लाईट!" आणि मी थांबून, उतरून मागे बघावं तर दिवा विझलेला. आठवडाभर असं चाललं. माझं डोकंच फिरलं.

डिचोलीला बसू नावाचा मेकॅनिक होता, बेळगावकडचा. हात सोन्याचा. त्याने ब्रेकचा स्विच बदलला, स्प्रिंग बदलली, वायर टोकापासून टोकापर्यंत नवी घातली. स्वतः फेरी मारून आला. दिवा कसा अगदी शहाण्यासारखा, ब्रेकचं पेडल पायाने दाबलं की लागतोय, सोडलं की विझतोय. मी निघालो, पन्नास पावलं गेलो नाही तोच मागून त्याची हाक. "सर, लागला की हो!"

"तुझं काम कच्चं आहे," मी म्हटलं.

"कच्चं नव्हं सर. तुमी पाय ठेवताय बगा पेडलवर. नव्या माणसाला सवय असती."

नवा माणूस! मी उजवा पाय हवेत लोंबकळत ठेवला आणि गाडी पळवली. बसू दुसऱ्या गाडीवरून शेजारी आला, वाकून बघत. मग हाताने थांबायची खूण केली. त्याचा चेहरा उतरला होता.

"सर, पेडल खाली दबलंय. बोटभर. आन् पाय तर तुमचा भाईर हाय."

मी खाली बसून मागच्या चाकाच्या ड्रमला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. म्हणजे नुसता दिवा लागत नव्हता, ब्रेक खरोखर धरला जात होता. बसूने गाडीला हात लावायचं सोडलं. "सर, ह्ये माझ्याच्यानं हुनार न्हाई," म्हणून चक्क नमस्कार केला.

एक सांगायचं राहिलं. असनोड्याच्या उताराला एक आंधळं वळण होतं, खनिजाचे ट्रक तिथून सुसाट यायचे. त्या वळणावर मी वेग कमी करायच्या आधीच गाडी मंदावायची. एकदा तर वळणापाशी ती जवळजवळ उभीच राहिली आणि समोरून, रस्त्याच्या माझ्या बाजूने, ट्रक गेला. माणसाने देवाचे आभार मानले असते. मी शिव्या घातल्या. माझ्या हातातली गाडी माझं ऐकत नाही, याचाच मला संताप होता.

आईच्या कानावर गेलं. ती म्हणाली, गाडीवर कोण तरी बसलंय. पायलटाची गाडी ती, कुठल्या कुठल्या वाटेने फिरलेली. राखणदाराला नारळ देऊया. राखणदार म्हणजे गावाची शीव राखणारा देव, आमच्या वाड्याच्या टोकाला त्याची घुमटी आहे. मी हसलो. पण बसूही हरलेला, रोजची ती ओरड... म्हटलं, नारळानेच होत असेल तर होऊ दे. कंटाळलेला माणूस कशालाही तयार होतो.

रविवारी सकाळी गावातल्या म्हाताऱ्या गावकरांनी, गाऱ्हाण्याचा मान त्यांचाच, गाडीपुढे नारळ धरून देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा म्हाराजा, ह्या लेकराच्या गाडयेर जो कोण पांय दवरून आसा, ताका मोकळो कर म्हाराजा. ताचो पांय काड. आपल्या जाग्यार धाड." गाडीवर जो कोणी पाय ठेवून आहे त्याचा पाय काढ, त्याला त्याच्या जागी पाठव, असं ते मागणं. आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

सोमवारी दिवा विझला. पाववाला गप्प, बसवाले गप्प, पोरं गप्प. ड्रम थंड. मी शाळेत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

गुरुवारी घरी आलो तर आई बाबांच्या पायथ्याशी बसून रडत होती. काय झालं, मी विचारलं. ती म्हणाली, "पांय हालना रे."

"कुठला पाय?"

"उजवो."

मला वाटलं, तिचं डोकं ठिकाणावर नाही. तो पाय कधी हलत होता? तेव्हा तिने सांगितलं. महिनाभर तो पाय हलत होता. नुसता हलत नव्हता, पलंगाच्या पायथ्याच्या फळीवर दाबत होता. सकाळी मी निघालो की सुरू, तासाभराने थांबायचा. संध्याकाळी पुन्हा. कधी हलकेच, कधी इतक्या जोरात की फळी करकरायची आणि बाबांच्या कपाळाला घाम यायचा. सोमवारपासून बंद.

"मग मला सांगितलं का नाहीस?" मी ओरडलोच.

"दिष्ट लागतली म्हूण," ती म्हणाली. "बरें जाता आसतना उलोवं नये. चलूंक लागतकच सगळ्यांक सांगपाचें, अशें म्हणलें हांवें."

आमच्याकडे असंच. आजारी माणूस सुधारतोय हे तो उभा राहीपर्यंत घरातल्या घरातही बोलायचं नाही. तिने पाय लपवला. तिला दिव्याचं कळलं होतं, पण तो कधी लागतो, किती वाजता, हे मी कशाला सांगेन? आणि दोघांनी मिळून देवापुढे उभं राहून मागितलं – ताचो पांय काड.

मी गावकरांकडे धावलो. म्हटलं, उलटं गाऱ्हाणं घाला, दहा नारळ देतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, मोकळो केल्ल्याक परत बांदूं म्हूण देवाक कशें सांगप?"

मग मी जे केलं ते शिक्षकाला शोभणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी असनोड्याच्या उतारावर गाडी सुसाट सोडली. दोन्ही पाय बाहेर. मोठ्याने ओरडत होतो, "बाबा, दाबा! दाबा की!" वळण जवळ आलं, अजून जवळ आलं. गाडी तशीच धावत राहिली. अगदी शेवटी मीच ब्रेकवर उभा राहिलो, चाक घसरलं, मी गाडीसकट गटारात. गुडघा फुटला.

लंगडत घरी आलो. बाबांनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. डावा हात उचलून त्यांनी माझ्या डोक्यावर एक टपली मारली. जोर नव्हता तिच्यात. मी त्यांच्या उजव्या पायाचा तळवा दोन्ही हातांत धरून बसलो, कितीतरी वेळ. तो गार होता. "चुकलं बाबा," एवढंच म्हणू शकलो.

पुढच्या चवथीपर्यंत ते राहिले नाहीत. पाय पुन्हा हलला नाही.

ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, लुळ्या पायाला असे झटके येतात आणि थांबतात, वेळेचं म्हणाल तर योगायोग. असेल. बोटभर खाली गेलेल्या पेडलबद्दल विचारलं तर त्यांनी विषय बदलला. बसूला कधी भेटलो तर दोघंही पावसापाण्याचं बोलायचो. मी स्वतः कागदावर सर्किट मांडून पाहिलं, अनेकदा. काही जुळत नाही, आणि तीस वर्षं फळ्यावर खडू झिजवलेल्या माणसाला हे लिहिताना लाज वाटते.

गाडी विकून जमाना झाला. आता स्कूटर आहे, तीही मुलगा चालवू देत नाही. पण कधी त्याची नजर चुकवून एकटा निघालो आणि उतार लागला, की मी ब्रेक जरा उशिराच दाबतो.