होशिनोबाईंची बादली

गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५. नळ आठव्या दिवशी, पहाटे पावणेपाचला आला. दाब कमी. गच्चीवरची टाकी पाऊण भरली. मंजुषाचा फोन. जपानचं शनिवारपर्यंत नक्की सांगायचं आहे.

रत्नमालाबाईंनी पेनाला टोपण लावलं. शाळेत सिस्टरांनी रोज चार ओळी लिहायची शिस्त लावली होती. वयाची त्र्याहत्तर वर्षं झाली तरी ती सुटली नव्हती. समोर सहलीचा कागद होता. एप्रिलचे नऊ दिवस, तोक्यो, क्योतो, आणि नाराजवळ एका कुटुंबाच्या घरी एक रात्र. ही रात्र बाईंनीच हट्टानं घालून घेतली होती. आता त्याच कागदाच्या समासात त्यांनी पेन्सिलीनं नळाचे दिवस मांडले होते. त्या नऊ दिवसांत पाण्याची एक पाळी हमखास हुकत होती.

फोनवर लेकीला त्यांनी तेच कारण सांगितलं. पुण्याहून मंजुषा म्हणाली, "आई, तुला जपान बघायचंय की टाकी राखायचीय?"

टाकी हा बहाणा होता, हे दोघींनाही ठाऊक होतं. अप्पाराव कॅसेटी ऐकून जपानी शिकले आणि तीस वर्षं जपानी पाहुण्यांना अजिंठा दाखवत राहिले. काम सुटलं की दोघांनी जायचं ठरलं होतं. काम सुटलं, आणि दुसऱ्याच वर्षी ते गेले. त्यांच्याशिवाय जायचं म्हणजे वाढलेल्या दोन ताटांपैकी एकावर एकटीनंच बसायचं, असं बाईंना वाटे.

शुक्रवारी दुपारी त्यांनी २००४ची डायरी काढली. होशिनोबाईंच्या गावाचं नाव हवं होतं. नाराजवळच्या कुठल्याशा गावच्या या निवृत्त शिक्षिका त्या डिसेंबरात अप्पारावांबरोबर घरी मुक्कामाला आल्या होत्या. नाव सापडलं, पण त्याखाली हेही होतं: 'पाहुणीच्या आंघोळीनंतर बादली रिकामी केली.'

तेवढंच लिहिलं होतं. बाकीचं बाईंना न लिहिताही आठवत होतं. तेव्हाही पाणी दोन दिवसांआड येई. होशिनोबाईंनी चार तांबे पाणी घेतलं, उरलेल्या कढत पाण्यावर ताट झाकलं आणि हसत बाहेर आल्या. दुसऱ्याच्या आंघोळीचं पाणी म्हणून रत्नमालाबाईंनी त्यांच्यादेखत ते मोरीत ओतलं. पाहुणीचा चेहरा उतरला. आपलंच काही चुकलं असं समजून ती कमरेत वाकून माफी मागू लागली.

अप्पाराव रागावले नाहीत. पाहुणी निजल्यावर हळू म्हणाले, "त्यांच्यात आधी पाहुणा न्हातो, मग त्याच पाण्यात सगळं घर. बाईनं ते तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं, रत्ना."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यांच्या सासूला पिशोर गावच्या विहिरीवर विटाळ नको म्हणून लांबून, वरून पाणी घालत. ती गोष्ट मुलीला सांगत सांगत त्यांनी तिला वाढवलं होतं. आणि त्याच घरात, आपल्या हातानं, हे.

त्यांनी पान उलटलं. दुसऱ्या दिवशीच्या चार ओळींत शेवटची होती: 'जपानला गेलो की त्यांच्या घरी, त्यांच्यानंतर मी न्हाणार, असं ह्यांना कबूल केलं.'

ही ओळ त्या साफ विसरल्या होत्या. अप्पाराव नव्हते. होशिनोबाईंची पत्रं थांबूनही पुष्कळ वर्षं झाली होती. पण कबूल तर एकट्या रत्नमालाबाईंनी केलं होतं. त्या उठल्या, खोडरबर घेतलं आणि समासातले नळाचे दिवस पुसले.

संध्याकाळी शेजारच्या सुलेखाला हाक मारून त्या गच्चीवर घेऊन गेल्या. जपान म्हटल्यावर सुलेखानं आधी तोंडावर पदर धरला, मग म्हणाली, "जावा की काकू. टाकी काय उठून पळती व्हय? नळ आला की मी लावते मोटार."

"तिथं सगळं घर एकाच पाण्यात न्हातं म्हणे," बाई म्हणाल्या.

"मग आपल्यापेक्षा लई शहाणी म्हणायची."

खाली येऊन बाईंनी मंजुषाला होकार कळवला, आणि डायरी उघडून लिहिलं: गच्चीच्या दाराची दुसरी किल्ली सुलेखाकडे दिली. टाकीचा कॉक घट्ट आहे, डावीकडे फिरवायचा.