तोंड बांधून रंगवलेलं टेबल

आमच्या पाली गावात कोणाला घाई असेल, तर त्याने राधाकिशनच्या घरासमोरून जाऊ नये. मागच्या गल्लीने जावं, थोडा चिखल तुडवावा, पण समोरून जाऊ नये. "काय म्हंता, कुटं निघालात?" एवढं त्याने विचारलं की तुमची सकाळ गेली. मी तर त्याच्या दाराच्या अगदी समोर राहतो. माझ्या किती सकाळी गेल्या असतील, तुम्हीच बघा.

आता त्याचाही फार दोष नाही. उभी हयात मेंढरांमागे गेली. बिंदुसरेच्या काठाने दिवसभर हिंडायचं, ऐकणारं कोणी नाही, आणि जे पोटात साचलं ते संध्याकाळी गल्लीत आणून ओतायचं. पुढे कंबर धरली, मेंढरं विकली, दोन शेळ्या दारात राहिल्या. म्हणजे आता दिवसभर माणूस मोकळा, आणि गल्लीवर आफत.

त्याची आणखी एक तऱ्हा आहे. बोलायला लागला की तो जागीच थांबतो. मेंढरं राखणारा माणूस काठीवर हनुवटी टेकवतो आणि मग बोलतो, ती सवय. काठी नसली तर भिंत, भिंत नसली तर समोरच्याचा खांदा. हात चालू असला तर तोंड बंद, तोंड चालू झालं की हात बंद. त्याची बायको सत्यभामावहिनी म्हणते, "माज्या घरात बादली नळाखाली भरून वाहती आन् हे बादलीजवळ उभं राहून गप्पा हाणत्यात."

असा हा माणूस यंदा एक अख्खा दिवस गप्प होता. त्याचं कारण जावई.

उत्तरेश्वर म्हणजे त्याच्या पोरीचा, अंजूचा नवरा. अंबाजोगाईला औषधांच्या दुकानात कामाला आहे, पोरगं सोन्यासारखं. मोटारसायकलवरून पडला, पायात रॉड टाकला, आणि गुडघा काही वाकेना. गेल्या दिवाळीला सासुरवाडीला आला तेव्हा आम्ही सगळे खाली पंगतीत आणि तो एकटा प्लास्टिकच्या खुर्चीवर, ताट मांडीवर घेऊन. कोणीतरी म्हणालं, "पाव्हणं, तुमी तर सभेचे अध्यक्ष दिसता!" सगळे हसले, तोही हसला. तेवढ्यात आमटीची वाटी कलंडली ती त्याच्या नव्याकोऱ्या पँटीवर. पोरगं अर्धं ताट तसंच ठेवून उठलं. "पोट भरलं मामा," म्हणाला. राधाकिशन त्या ताटाकडे बघत बसला होता.

यंदा धोंड्याचा महिना आला. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, हे आलंच. राधाकिशन मला म्हणाला, "अंगदा, या वक्ताला पोरगं माज्या शेजारी, माज्या बरोबरीनं बसून जेवलं पायजे. पोटभर." म्हणजे टेबल हवं. वादळात बांधावरचं कडुनिंब आडवं झालं होतं, त्याच्या फळ्या कापून ठेवलेल्या होत्या. सुतार शिवशंकरने त्याचं चांगलं लांबरुंद टेबल करून दिलं. फक्त रंग राहिला. शिवशंकरला माजलगावला काम लागलं होतं. त्याने लाकडाला द्यायच्या तपकिरी रंगाचा डबा आणून ठेवला आणि राधाकिशनला समजावलं.

"काका, ह्यो दाराला मारतो तसला रंग न्हाई. ह्यो लाकडात मुरतो. फडक्यानं लावायचा, लाकडाच्या रेषा जशा गेल्यात तसा, या टोकापासून त्या टोकापस्तोर. मागून दुसऱ्या फडक्यानं जास्तीचा लगीच पुसायचा. आन् मधी थांबायचं न्हाई. थांबलात की तितं वाळतो, आन् पट्टा उमटतो."

"आरं, उन्हाळ्यात कोसकोस चाललोय मी, हे टेबल ते केवढं?" राधाकिशन म्हणाला.

शिवशंकर गेला. मी मात्र त्या 'मधी थांबायचं न्हाई'वर मनातल्या मनात हसत होतो. राधाकिशनला!

घरात अंधार आणि रंगाचा वास डोक्यात जाणारा, म्हणून टेबल दारापुढच्या पत्र्याखाली मांडलं. म्हणजे भर रस्त्यात. गिरणीला जाणारे तिथूनच, दूध घालणारे तिथूनच. राधाकिशनने फडकं बुडवलं, दीड वीत पुढे सरकला, आणि नाथा आला.

"काय चाललंय राधाकिशनराव?"

आता दारावरून जाणाऱ्याने विचारलं आणि आपण उत्तर दिलं नाही, असं कधी झालंय का? राधाकिशनने फडकं टेबलावर टेकवलं, फडक्यावर हात, हातावर हनुवटी, आणि कडुनिंब कसं पडलं इथून सुरुवात केली. नाथा गेला, सुंदरराव आले. त्यांना कडुनिंब लावलं कोणी हेसुद्धा सांगावं लागलं, कारण ते माजी सरपंच. त्यानंतर पिठाचा डबा घेऊन मुक्ताबाई. वर ऊन असं की रंग लावता लावता वाळत होता.

काम संपल्यावर वहिनी बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अवं, टेबल करायचं ठरलं होतं का वाघ?"

खरोखरच पट्टे. जिथे जिथे थांबला तिथे गडद पट्टा. मी लगेच जाऊन एकेकाची ओळख करून दिली. "हा बारका नाथाचा. हा मुक्ताबाईचा. आन् हा रुंद हाय ना वहिनी, हा सुंदररावांचा." वहिनीला हसू आलं, पण राधाकिशन हसला नाही. पट्ट्यावरून अंगठा फिरवत म्हणाला, "ह्याच्यावर ताट ठिवायचं का पोराच्या म्होरं? पुन्ना हसतील लोकं." मग मीही जरा आवरलं.

शिवशंकरला व्हिडिओ कॉल लावला. तो इतका हसला की फोनमध्ये नुसते त्याचे दात दिसत होते. "सगळं घासा काका. पॉलिश पेपरनं, पार कोरं लाकूड दिसंपस्तोर. आन् नव्यानं लावा."

जेवण परवा दुपारचं. म्हणजे उद्याच घासायचं आणि उद्याच रंगवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने उपरणं आणलं, नवऱ्याचं तोंड नाकापासून हनुवटीपर्यंत बांधलं आणि मागे गाठ मारली. "धूळ जाईल नाकात, म्हणून एक. आन् दुसरं तुमाला ठावं हाय. काम होईस्तोर सोडलं तर बघा."

तो सकाळपासून घासत होता. लोक येत होते, विचारत होते. हा नुसती मान हलवायचा, डोळे मिटायचा, पुन्हा घासायचा. नाथाने तर खांद्याला धरून हलवलं, "काय झालं वो?" उत्तर नाही. राधाकिशन आणि उत्तर नाही! गल्लीत घबराट. मला चार जणांनी विचारलं. मी एवढंच म्हणालो, "सकाळपासून वाचा बंद हाय बुवा." खोटं काय होतं त्यात? पण राधाकिशनची चुलती छबुबाई लांबून आली, बांधलेलं तोंड बघितलं, आणि मला पुढचं बोलू न देता घरी जाऊन अंबाजोगाईला फोन लावला. "अंजे, तुज्या बापाची वाचा गेली गं!"

दुपार कलली तेव्हा टेबल कोरं झालं होतं. धूळ फडक्याने पुसून काढली. राधाकिशनने रंगात फडकं बुडवलं, एका टोकाला लागला आणि निघाला. हात असा सरसर चालला की मीसुद्धा ओट्यावरून बोलायचं विसरलो. मागे वळून जास्तीचा रंग पुसायचा, पुन्हा पुढे. फळी सारखी, गुळाच्या रंगाची होत आली. निम्मं टेबल झालं.

आणि गल्लीत जीप थांबली. अंजू रडतच उतरली. "आबा! आबा, काय झालं वो? बोला ना!" येऊन बापाच्या दंडालाच धरलं. मागून काठी टेकत उत्तरेश्वर.

राधाकिशनचा हात थांबला. डोळे पोरीकडे, मग रंगाच्या ओल्या कडेकडे, मग जावयाकडे. धोंड्याच्या महिन्यातला जावई दारात उभा, त्याच्या पायावर पाणी घालायचं सोडून सासरा तोंड बांधून उभा! त्याने मानेमागच्या गाठीला हात घातला.

"सोडू नका!" वहिनी आतून ओरडली. "अंजे, काही झालं न्हाई तुज्या बापाला! हात सोड त्येंचा, थांबले की पट्टा उमटतोय!"

उत्तरेश्वरने एकदा टेबलाकडे बघितलं, एकदा सासऱ्याकडे. टेबल कशासाठी होतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण कळलं असावं. काठी भिंतीला लावून त्याने पुसायचं फडकं उचललं. "मामा, तुमी पुढं चला. मागचं मी पुसतो."

राधाकिशन चालू लागला. हा लावतोय, तो मागून पुसतोय. टेबल उभ्याने काम करायला त्या न वाकणाऱ्या पायाला अगदी बेतशीर. छबुबाई आली, तिनेही तोंडाला पदर लावला. दुसरं टोक आलं, कडा पुसून झाल्या. कुठे पट्टा नाही, डाग नाही.

मग उपरणं सुटलं. "या जावईबापू! परवास कसा झाला? जीप कुणाची केली? त्या वळणावर रस्ता लई खराब हाय, मागं मी मेंढरं घिऊन गेलतो तवा..." अंजू रडायची थांबून हसायला लागली. संध्याकाळी शिवशंकर परतला, पारदर्शक पॉलिशचा एक हात वरून मारला आणि टेबलावर तिरकं बघत म्हणाला, "काका, हे तुमी केलं?" त्याला उत्तर मिळालं. जेवायच्या वेळेपर्यंत मिळत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे टेबलाला बसलो. पंचाईत एकच झाली. राधाकिशनला पाय खाली सोडून घास गिळवेना. शेवटी खुर्चीवरच मांडी घातली. आता तो जावयापेक्षा वीतभर उंच. "पाय सोडा खाली, पाव्हण्याच्या डोक्यावर बसताय का?" वहिनी दटावत होती. उत्तरेश्वर पाय लांब करून, कोपर टेबलावर टेकून निवांत जेवत होता. धोंडा संपला तसं त्याने ताट पुढे सरकवलं.

"मामी, अजून एक वाढा. आन् तूप सोडा जरा."