रोल संपल्याशिवाय

माझे सासरे मुखरू, म्हणजे आमचे मामाजी, यांच्याइतका हट्टी माणूस धानोरा तालुक्यात शोधून सापडायचा नाही. घरात मोबाईल असताना हे अजून तीस वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यात रोल घालतात. नुसतं बटन दाबायचा साधा कॅमेरा. छत्तीस फोटोंचा एक रोल त्यांना तीन वर्षं पुरतो! आणि तो पुरता संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही, हा नेम.

आमच्या गावची सुईण सोमारीबाई मोबाईल पुढे केला की तोंडावर पदर घ्यायची. आधार कार्डावरचा आपला फोटो पाहून तिलाच राग यायचा. मामाजींपुढे मात्र ती उन्हाळ्यात आपणहून बसली. "ह्याच्यात लगेच दिसत नाई, हे बरं हाय," म्हणाली.

पावसाळ्यात सोमारीबाई गेली. तिचा मुलगा बुधू फोटो मागायला आला. आधार कार्डावरचा सोडला, तर भिंतीवर लावायला त्याच्याकडे आईचा एकही फोटो नव्हता.

"सात बाकी हायेत," मामाजी म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "मामाजी, कोंबडीचे काढा, सायकलीचे काढा, पन संपवा!"

"कोंबडीवर रोल काऊन वाया घालवू?"

चार दिवस मामाजी कॅमेरा गळ्यात घालून गावभर फिरले, बटन एकदाही दाबलं नाही. पाचव्या दिवशी मीच बुधूला आणून अंगणात उभं केलं. त्याचे एकामागून एक सात फोटो निघाले. तो बिचारा दर वेळी विचारायचा, "हात कुठी ठेवू?"

रोल नागपूरला गेला. फोटो यायला वीस दिवस लागले. मी पाकीट फोडलं आणि कपाळावर हात मारला. सोमारीबाईला डोकंच नव्हतं! या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी वर, भिंग खाली. फार जवळून काढलं की वरचं कापलं जातं. तीस वर्षांत मामाजींना एवढंही कळू नये? कॅमेरा विहिरीत टाकावासा वाटला. मामाजी खाली मान घालून बसले.

बुधूने फोटो हातात घेतला. गळ्याखालचं लुगडं, मांडीवर ठेवलेले दोन हात.

"मायचेच हात हायेत, भाऊ," तो मामाजींना म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पाहा बाई, तुमची दिव्यानी ह्याच हातावर आली."

माझी लेक झाली तेव्हा नदीला पूर होता. दवाखान्याची वाट बंद होती, आणि मी दिवसभर ते हात घट्ट धरून ओरडत होते. मला रडूच आलं.

"मामाजी," मी म्हटलं, "याची एक कॉपी मलेही पाहिजे."