परत न फिरणारी बस

आखातातल्या त्या शहराचं नाव मी घेत नाही. त्या शहरानं माझं काही वाकडं केलं नाही. जे वाकडं झालं ते माझ्याच हातून झालं. पण नाव तोंडात आलं की पुढचं सगळं आठवतं आणि तो दिवस फुकट जातो. बायकोला हे ठाऊक आहे. टीव्हीवर तिकडची बातमी लागली की ती चॅनल बदलते.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी सातिवलीला एका गाळ्यात लेथवर काम करायचो. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तोही आधी त्याच गाळ्यात होता, मग वेल्डर म्हणून आखातात गेला आणि सहा वर्षं तिकडेच राहिला. वडील आधीच गेले होते. वसईच्या खाडीकडच्या आमच्या घरात आई आणि मी, दोघंच. भातशेतीचे चार तुकडे होते, ते आई जमेल तसे बघायची.

एक दिवस वाण्याच्या दुकानातल्या फोनवर दादाच्या कंपनीचा निरोप आला. त्याला काविळीचं निमित्त झालं होतं, आता लिव्हर काम करत नव्हतं, विमानात बसवण्यासारखी अवस्था नव्हती. घरातल्या कुणीतरी यावं. माझा पासपोर्ट तयार होता, कारण दादा मलाही तिकडे बोलावून घेणार होता. कंपनीनं आठ-दहा दिवसांत व्हिसा काढून तिकीटही पाठवलं. एवढी तत्परता पाहूनच आम्ही ओळखायला हवं होतं.

निघताना आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "त्याला बघ, त्याच्याशी बोल, आनि काय बोलला ते मला येऊन सांग. मला बाकी काय नको." मी हो म्हणालो. विमानात हेच डोक्यात होतं. दादाला बरं करणं माझ्या हातात नव्हतं. त्याला भेटणं आणि त्याचं बोलणं घरी आणणं, एवढंच काम माझ्याकडे होतं, आणि ते कुणालाही जमण्यासारखं होतं.

विमानतळावर दादाच्या खोलीतला सोबती घ्यायला आला. तो आमच्याकडचाच, राजोडीच्या बाजूचा, चाळिशीतला कॅथलिक माणूस. फार भला. त्यानं मला खोलीवर नेलं, दादाची खाट दाखवली, भात-आमटी वाढली. भेटायची वेळ चार ते सहा. त्याला दुपारी ड्युटीवर जायचं होतं. तो म्हणाला, "आज झोप काढ. उद्या मी सुट्टी घेतो, दोघं जाऊ. काल तो जरा बरा वाटला." मी म्हटलं, नाही, मी आजच जाणार. या एका बाबतीत मी शहाणपणा केला, पण पुढे मीच त्या शहाणपणाचं वाटोळं केलं.

त्यानं कागदावर बसचा नंबर लिहून दिला. खाली लिहिलं, वीस मिनिटं, समुद्राच्या दिशेनं, निळी उंच पाण्याची टाकी दिसली की उतरायचं, समोरच हॉस्पिटल. टॅक्सीची वेळ आली तर असावेत म्हणून थोडे तिकडचे पैसे हातात कोंबले आणि तो कामावर गेला. एक गोष्ट तो लिहायला विसरला, किंवा त्याला ती लिहिण्यासारखी वाटलीच नसेल. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात.

तीनला मी खाली उतरलो. समुद्र कुठे ते विचारून घेतलं आणि आपल्याकडे जिथे उभं राहिलं असतं तिथे, म्हणजे डाव्या बाजूला, उभा राहिलो. सव्वातीनला बस आली. नंबर बरोबर होता, पण तोंड समुद्राच्या उलट दिशेला होतं. हे मला चढतानाच दिसलं. मला कळलंच नाही असं म्हणता आलं असतं तर थोडं हलकं वाटलं असतं. मला कळलं होतं आणि तरी मी चढलो.

याचं कारण सांगायला वसईला यावं लागेल. आमच्या गावाची लाल बस स्टेशनवरून सुटायची, पापडीवरून गावागावांतून फिरत आमच्या खाडीकडे यायची आणि दुसऱ्या रस्त्यानं पुन्हा स्टेशनवर जायची. तिला शेवटचा थांबा असा नव्हताच. संध्याकाळी बाजार उठला की भाजीवाल्या बायका घराकडे जाणाऱ्या बसची वाट बघत उभ्या राहायच्या नाहीत. जी येईल तिच्यात चढायच्या, उलटी असली तरी, म्हणजे खिडकी मिळायची आणि टोपल्या पायाशी नीट ठेवता यायच्या. कंडक्टरही काही बोलायचा नाही. आईनं मला किती वेळा असं चढवलं असेल. मी म्हणायचो, ही तिकडे चालली. ती म्हणायची, "बसून रा. फिरून येते." आणि ती येत असे, दर वेळी. आमच्या गावात बस चुकणं हा प्रकारच नव्हता, फार तर थोडा उशीर व्हायचा.

तर मी बसलो. खिडकी मिळाली, वर गार हवा. मनाशी हिशेब केला की आपल्याकडे पूर्ण फेरीला पाऊण तास लागतो, इथे रस्ते चांगले, तेव्हा फार तर चारला दहा कमी असताना टाकी दिसेल. मी स्वतःवर खूशही होतो. परक्या मुलखात पहिल्याच दिवशी माणूस एकटा बसनं फिरतोय, हे दादाला सांगायचं ठरवत होतो. तो हसला असता.

दुकानं संपली. मग लांबच लांब भिंती, गोदामं, मग नुसती रेती. बसमध्ये निळ्या डगल्यांतली माणसं होती, काही मान टाकून झोपलेली. पुढच्या बाकावरचे दोघं हिंदीत बोलत होते. त्यांच्या खांद्याला हात लावून एवढं विचारायचं होतं की भाऊ, ही बस फिरून समुद्राकडे जाते ना? मी नाही विचारलं. आपण नवखे आहोत हे दिसू नये, हा माझा जुना आजार. अजून गेलेला नाही. समोरून त्याच नंबरची बस येऊन समुद्राकडे निघून गेली. तेव्हा तरी उठायचं. मी घड्याळ बघितलं आणि बसून राहिलो.

सव्वाचारला एका उघड्या मैदानात बस थांबली. मजुरांच्या बराकी, पत्र्याची एक चहाची टपरी, बाकी काही नाही. सगळे उतरले. ड्रायव्हर पठाणी वळणाचा, उंच, दाढीवाला. त्यानं इंजिन बंद केलं आणि आरशात मला पाहून म्हणाला, "उतरो भाई, आखरी है." मी विचारलं, "घूम के वापस नहीं जाएगी?" तो म्हणाला, "जाएगी. पाँच बजे." मी कागद दाखवला. त्यानं वाचला, माझ्याकडे बघितलं. "एक घंटा मेरे पीछे बैठा है. पूछा क्यों नहीं?"

मी कागद त्याच्या हातातून घेतला आणि उतरलो.

टॅक्सी मिळेल म्हणून मोठ्या रस्त्यापर्यंत धावलो. ट्रक जात होते, डंपर जात होते. खिशातले पैसे मुठीत धरून मी हात करत होतो. कुणी थांबलं नाही, आणि त्यांनी का थांबावं? पावणेपाचला पुन्हा मैदानात पळत आलो, पाचची बस चुकेल या भीतीनं. चहावाल्यानं पाणी दिलं. ते प्यायलो आणि तिथेच ओकलो.

टाकी दिसली तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. ती बसथांब्यासमोरच होती, आंधळ्यालाही चुकवता आली नसती. गेटवरच्या पहारेकऱ्याला मी पासपोर्ट दाखवला, तिकीट दाखवलं, हात जोडले. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं वर वॉर्डात फोन लावून दिला, बराच वेळ बोलला, मग फोन ठेवून मान हलवली. "पेशंट सीरियस वाला वार्ड है. कल चार बजे आओ." तिसरा मजला, एवढं त्यानं सांगितलं. मी रस्त्याच्या कडेला बसून तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या बघत राहिलो. सगळ्या सारख्याच होत्या. त्यांतल्या एकीच्या आत दादा होता आणि मधे फक्त एक जिना होता.

सोबती रागावला नाही. उद्या मी बरोबर येतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत होतो तेव्हा कंपनीचा फोन आला.

दादाला मी पाहिलं, पण ते तसलं पाहणं. चेहरा पिवळा, गालफडं बसलेली. केस मात्र नीट विंचरलेले होते. कागदपत्रांना पाच दिवस लागले आणि मग आम्ही दोघं एकाच विमानानं आलो, मी वर आणि तो खाली.

सगळं आटोपल्यावर, माणसं पांगल्यावर, आईनं मला समोर बसवलं. "भेटला ना तुला?"

मी म्हणालो, "भेटला."

हा शब्द तोंडातून गेला आणि पुढे थांबता येईना. तिनं विचारलं, काय म्हनाला? मी म्हणालो, तुझं विचारत होता. अजून काय म्हनाला? म्हणालो, भात कापून झाला का विचारत होता. दुखत होतं का त्याला? नाही, दुखत नव्हतं. पानी प्यायला का तुझ्या हातचं? हो, दोन घोट प्यायला. तिचा चेहरा सैल पडत गेला. मला माझी किळस येत होती आणि तरी मी सांगत होतो, कारण एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती नीट श्वास घेत होती.

पुढे वर्षभर हे चाललं. भाकऱ्या थापताना, भात पाखडताना मधेच म्हणायची, "सांग रं बाला, तो काय म्हनाला ते." मी सांगायचो. एखादा शब्द मागेपुढे झाला तर तीच दुरुस्त करायची. शेजारणींना सांगायची, माझा धाकटा वेळेवर पोचला, मोठ्याला एकटं जावं नाय लागलं. मी घरातून उठून बाहेर जायचो. खरं सांगायचं मी निदान दहादा ठरवलं असेल. तोंड उघडायचो आणि दुसरंच काहीतरी बोलायचो. भित्रा माणूस खोटं बोलायला फार चांगला असतो.

वर्षानं दादाचा सोबती सुट्टीवर आला. मी संध्याकाळी कामावरून परतत होतो तर स्टेशनबाहेर समोर उभा. म्हणाला, "तुमच्याकडूनच आलो. त्याची पिशवी राहिली होती, ती आईंना देऊन आलो." तो आपल्या भलेपणानं सांगत राहिला. आईंनी विचारलं, मग सगळं सांगितलं. वॉर्डातल्या केरळच्या नर्सबाईंनी पुढे त्याला सांगितलं होतं की त्या दुपारी दादानं केस विंचरून घेतले. चार वाजल्यापासून उशी उंच करून दाराकडे बघत होता. भाऊ येणार आहे म्हणत होता. सहाला नर्सबाईंनी उशी खाली घेतली. "तुझी बस चुकली ते पण सांगितलं," तो म्हणाला. "तुझ्याकडून कळलं असेलच, पण सांगावंसं वाटलं. आईंनी मला चहा दिला."

त्या दिवशी मी बसनं गेलो नाही. चालत गेलो, म्हणजे घर जितकं उशिरा येईल तितकं बरं. आई शिव्या घालेल, अंगावर धावून येईल, दाराबाहेर काढेल, सगळं मनात करून बघितलं. तिनं यातलं काहीतरी करावं अशी माझी खरोखर इच्छा होती.

ओटीवर आईजवळ तिची चुलतबहीण बसली होती. ती लांबच्या गावाहून प्रथमच भेटायला आली होती आणि आई तिला दादाची शेवटची भेट सांगत होती. माझीच गोष्ट, माझेच शब्द. माझं विचारत होता. भात कापून झाला का विचारत होता. दोन घोट पानी प्यायला. मी पायरीशी उभा राहिलो. आईनं मला पाहिलं. दादाची पिशवी तिच्या मांडीवरच होती.

मग बहिणीकडे वळून म्हणाली, "आनि काय म्हनाला माहितेय? म्हनाला, उशीर झाला तरी तू आलास, मला तेवढं पुरे."

हे वाक्य माझं नव्हतं. मी ते कधीच सांगितलं नव्हतं.

मावशीनं डोळ्यांना पदर लावला. आई उठली, पिशवी आत ठेवून आली आणि मला म्हणाली, "पाय धू, जेवायला बस." मी जेवलो. तिनं मला माफ केलं की माझ्याशी हा विषय कायमचा संपवला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढे ती अकरा वर्षं जगली. तेवढ्या काळात दादा काय म्हणाला, हे तिनं मला पुन्हा एकदाही विचारलं नाही.